विमानाचं तिकीट स्वस्तात कसं काढावं

स्वस्त विमानतिकीट हवं असेल त्याने सगळ्यात आधी आपल्याला कुठेही जायची गरज नाही, याची खात्री करून घ्यावी. अट विचित्र वाटेल, पण विमान कंपन्यांचं सगळं गणित तिच्यावरच उभं आहे. मुंबई-दिल्ली विमानात कोपराला कोपर लावून बसलेल्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याच्या तिप्पट पैसे मोजलेले असू शकतात. खुर्ची तीच, गुडघ्यांची अडचण तीच. ज्याने जास्त मोजले त्याला सकाळी अकराला कोर्टात हजर राहायचं होतं. हे त्याने कंपनीला तोंडाने सांगितलं नव्हतं. आदल्या रात्री तिकीट काढून सांगितलं होतं.

तेव्हा पहिला पाठ निकड लपवण्याचा. तो अवघड आहे, कारण निकड ओळखण्याच्या विद्येत समोरची बाजू जवळजवळ अर्धं शतक मुरलेली आहे. अमेरिकेत १९७८ पर्यंत विमानाचं भाडं सरकारी मंडळाच्या संमतीने ठरत असे. त्या वर्षीच्या कायद्याने ते कंपन्यांच्या हाती जायला सुरुवात झाली. आदल्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने ‘सुपर सेव्हर’ नावाची स्वस्त तिकिटं काढली होती. अट अशी की तिकीट बरंच आधी काढायचं आणि गेल्या ठिकाणी काही दिवस मुक्काम करायचा. सवडीने ठरवून मुक्कामाला जाणारा माणूस हौसेने निघालेला असतो आणि भाडं वाढलं तर घरी बसतो. सोमवारी जाऊन मंगळवारी परतणारा ऑफिसच्या पैशाने उडतो, त्याला घरी बसता येत नाही. पुढे १९८५ मध्ये रॉबर्ट क्रँडल यांच्या कारकिर्दीत याच कंपनीने संगणक जुंपून ही पारख इतकी बारीक केली, की न्यूअर्कहून स्वस्तात उडणारी पीपल एक्स्प्रेस टिकाव धरू शकली नाही. १९८७ मध्ये ती दुसऱ्या कंपनीत विरून गेली. पीपल एक्स्प्रेस जवळपास सगळ्यांनाच स्वस्त विकत होती. अमेरिकनने फक्त तेवढ्याच खुर्च्या स्वस्त केल्या, ज्या नाहीतरी रिकाम्या गेल्या असत्या.

आजही तेच चालतं. विमानात १८० खुर्च्या असल्या तरी संगणकाच्या लेखी त्यांचे डझनभर गट असतात; धंद्यातली माणसं त्यांना ‘फेअर बकेट’ म्हणतात. सगळ्यात स्वस्त गटात मोजक्याच खुर्च्या. त्या संपल्या की भाव एक पायरी चढतो.

इथे अभ्यासूंना एक खरीखुरी युक्ती सांगायला हवी. डोंबिवलीचं एक कुटुंब दिवाळीत जयपूरला निघालं आहे, असं समजू. आई, बाबा, दोन मुलं आणि आजी. स्वस्त गटात ४,२०० रुपयांच्या दोनच खुर्च्या उरल्या आहेत, पुढचा गट ५,१०० चा. बाबांनी ‘प्रवासी : ५’ असं भरलं, की बहुतेक यंत्रणा पाचही जण एकत्र मावतील असा गट शोधतात आणि सगळ्यांना ५,१०० लावतात. एकूण २५,५००. म्हणून आधी एकाच प्रवाशाचा भाव पाहावा, मग दोघांचा, मग तिघांचा. कुठे उडी बसते ते कळलं की दोन तिकिटं वेगळी काढावीत, तीन वेगळी. एकूण २३,७००. अठराशे रुपये वाचले.

आता पुढचा भाग. दोन पीएनआर झाले. आजी आणि धाकटा एकात, बाकीचे दुसऱ्यात. यंत्राला ही मंडळी एकमेकांची कोणी लागत नाहीत, त्यामुळे फुकटच्या वाटपात आजी आणि धाकट्याला सत्ताविसावी रांग मिळते आणि बाकीच्यांना नववी. सगळ्यांना जवळ आणायचं तर खुर्ची निवडण्याचे पैसे भरायचे; अठराशेतले बरेचसे तिथे जातात. कंपनीने विमानाची वेळ बदलली तर एका पीएनआरला सकाळचं विमान मिळू शकतं आणि दुसऱ्याला संध्याकाळचं. मग आजी आणि धाकटा जयपूरला पोहोचून हवामहल पाहत असताना आई-बाबा आणि थोरली मुंबईच्या विमानतळावर एकशेऐंशी रुपयांचा चहा पीत असतात. युक्ती मात्र अस्सल आहे, याबद्दल शंका नको.

मंगळवारी तिकीट काढावं, हा पाठ अनेक घरांत वडिलकीच्या अधिकाराने दिला जातो. त्यामागे कधीकाळी थोडं तथ्य होतं. अमेरिकन कंपन्या सवलती आठवड्याच्या सुरुवातीला जाहीर करत, इतर कंपन्या एक-दोन दिवसांत बरोबरी करत, म्हणून मंगळवारी पर्याय जास्त दिसत. आता भाव दिवसातून कितीतरी वेळा हलतात. मंगळवारी *काढण्यापेक्षा* मंगळवारी *उडण्यात* जास्त अर्थ आहे, कारण शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी रात्री अख्खा आयटी वर्ग हवेत असतो. ब्राउझरची गुप्त खिडकी उघडून तिकीट शोधण्याचा विधीही असाच. कंपनी आपल्यावर पाळत ठेवून भाव वाढवते, ही कल्पना सुखद आहे. आपण एवढे महत्त्वाचे आहोत असं त्यातून वाटतं. प्रत्यक्षात आपण जेवायला उठलो तेवढ्यात नागपूरच्या कोणीतरी स्वस्त गटातली शेवटची खुर्ची उचललेली असते.

रात्री एक वाजता अकरा टॅब उघडून बसलेल्या काकांची घरात थट्टा होते. ती थांबावी. त्यांच्या बाजूने गणित आहे. एमआयटीच्या संगणकतज्ज्ञांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या आयटीए सॉफ्टवेअर या कंपनीने विमानभाडी शोधणारी यंत्रणा बांधली. पुढे गूगलने ती ७० कोटी डॉलरना विकत घेतली. तिचे एक संस्थापक कार्ल द मार्कन यांनी मांडून दाखवलं आहे, की भाड्यांचे नियम इतके गुंतागुंतीचे असतात की प्रवासाच्या लांबीवर कसलीच मर्यादा घातली नाही, तर सर्वांत स्वस्त तिकीट हमखास शोधून देणारी पद्धत संगणकाच्या सैद्धान्तिक आवाक्यातच येत नाही. काकांना सापडत नाही यात काकांचा दोष नाही. काकूंनी दिवा बंद करायला सांगितला तर त्यांनी हा दाखला द्यावा.

तारखांच्या बाबतीत मराठी माणसाची पंचाईत अशी, की त्याची निकड भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल अक्षरांत छापलेली असते. मे महिना, दिवाळी, गणपती. कोकण रेल्वेचं गणपतीचं आरक्षण उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. नोव्हेंबर २०२४ पासून ते १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, एवढाच फरक. प्रतीक्षायादीत दोनशेवा नंबर लागलेला चाकरमानी मग विमानाकडे वळतो, आणि तो वळणार हे विमानाला आधीच ठाऊक असतं.

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झालं, मुंबईचं विमान आलं, सरकारच्या ‘उडान’ योजनेचा टेकूही होता. ती फेरी पुढे बंद पडली. त्यामुळे सावंतवाडी-कुडाळकडच्यांचा खरा आधार मोपा. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि गोव्याच्या तिकिटाला दोन अर्थ प्राप्त झाले. दाबोळी दक्षिणेला वास्कोजवळ, मोपा उत्तरेला पेडण्यात, महाराष्ट्राच्या वेशीला लागून. बांद्याच्या माणसाला मोपा म्हणजे घरचं अंगण. मडगावच्या माणसाने मात्र मोपाचं तिकीट सातशे रुपयांनी स्वस्त दिसतं म्हणून काढू नये. निदान काढण्याआधी टॅक्सीवाल्याशी बोलून घ्यावं. कदंबच्या बसगाड्या आहेत, पण रात्री अकराला उतरणाऱ्याने बसच्या वेळा आधी पाहाव्यात. स्वस्त विमानं नेमकी रात्रीच का उतरतात, हे आता वेगळं सांगायला नको.

स्वस्ताईचा सुवर्णकाळ म्हणून जुनी मंडळी एअर डेक्कनचा उल्लेख करतात. लष्करातून निवृत्त झालेले आणि शेतीत रमलेले कॅप्टन गोपीनाथ यांनी ती २००३ मध्ये सुरू केली आणि पुढे एक रुपयाचं तिकीट विकून दाखवलं. (त्यांच्या आयुष्यावरच्या तमिळ चित्रपटाचा २०२४ मध्ये हिंदी अवतार आला, तेव्हा नायक चक्क म्हात्रे झाला. स्वस्त तिकिटासाठी झटणारा माणूस मराठीच असणार, हे पटकथाकारांना पटलं असावं.) एक रुपयाच्या जागा अर्थातच मोजक्या होत्या. त्या मिळालेला माणूस प्रत्येक लग्नात भेटतो. कंपनी मात्र काही वर्षांत किंगफिशरच्या पोटात गेली आणि २०१२ मध्ये किंगफिशरही जमिनीवर आली.

सरकारने स्वस्ताई हाती घेतली ती २०१६ च्या ‘उडान’ योजनेतून: साधारण तासाभराच्या उड्डाणातल्या निम्म्या जागांना २,५०० रुपयांची मर्यादा. कोल्हापूर, नांदेड, जळगाव, नाशिक या शहरांना तिचा लाभ झाला. उलट करोनाकाळात, मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत, सरकारने कमाल भाड्याबरोबर किमान भाडंही बांधून दिलं. सुरुवातीला मुंबई-दिल्लीसाठी खालची हद्द ३,५०० होती, वरची १०,०००. एखाद्या कंपनीला त्याहून स्वस्त तिकीट विकण्याची अनावर इच्छा झालीच, तरी कायदा आडवा येत होता.

आणि निकड सार्वत्रिक झाली की काय होतं, ते डिसेंबर २०२५ मध्ये दिसलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, देशांतर्गत बाजाराचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा सांभाळणाऱ्या इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं, हजारो उड्डाणं रद्द झाली. लोक इतर कंपन्यांच्या दारात गेले. तिथल्या संगणकाला टंचाई दिसली. त्याने शिकवलेलं काम चोख केलं. अखेर ६ डिसेंबरला सरकारने कमाल भाडी ठरवून दिली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, दीड हजार किलोमीटरच्या पुढे १८,०००. त्या आठवड्यात साडेसात हजारांत पुण्याहून कुठेतरी पोहोचलेली माणसं आपलं तिकीट स्वस्त पडलं असं सांगत होती, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

सामानाबद्दल थोडक्यात. देशात साधारणपणे १५ किलो बॅगेत आणि ७ किलो हातात. वजन काट्यावर होतं, अंगावर होत नाही. त्यामुळे मे महिन्यात जाकिटाच्या चारही खिशांत चार्जर, पॉवर बँक आणि आंबावडीचा डबा घेऊन उभा असलेला घामाघूम गृहस्थ दिसला तर त्याला वेडा समजू नये. तो जाणकार आहे.

परदेशी जाणाऱ्यांमध्ये एक धाडसी पंथ आहे. गाव ‘अ’ ते गाव ‘ब’ थेट महाग, पण ‘अ’ ते ‘क’ व्हाया ‘ब’ स्वस्त. म्हणून ‘क’ चं तिकीट काढायचं आणि ‘ब’ ला उतरून चालू लागायचं. अशी तिकिटं शोधून देणाऱ्या स्किपलॅग्ड या संकेतस्थळावर युनायटेडने २०१४ मध्ये खटला भरला होता. २०२४ मध्ये टेक्ससच्या ज्यूरीने त्याच संकेतस्थळाला अमेरिकन एअरलाइन्सला ९४ लाख डॉलर द्यायला सांगितलं. मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या मराठी आई-वडिलांना हा पंथ निषिद्ध आहे, आणि कारण कायद्याचं नाही. चेक-इन केलेली बॅग ‘क’ ला जाते. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाची दुपटी आणि अळीव अनोळखी शहराच्या पट्ट्यावर गोल फिरत राहतील आणि आई ‘ब’ मध्ये रिकाम्या हाताने लेकीसमोर उभी राहील. शिवाय मधला टप्पा सोडला की त्याच तिकिटातली परतीची फेरीही सहसा रद्द होते. ‘बाळाला सांभाळायला अजून दोन महिने राहा’ असं लेक म्हणेल. जावईबापूंचा चेहरा पाहून निर्णय घ्यावा.

एक सोय मात्र खरी उपयोगाची आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१६ च्या नियमांनी अशी मुभा दिली, की कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेलं तिकीट, प्रवासाला पुरेसे दिवस बाकी असतील तर, ठरावीक मुदतीच्या आत दंडाशिवाय रद्द करता येतं. म्हणजे बरा भाव दिसला की घेऊन टाकावा आणि पुढचा दिवस त्याहून बरा शोधण्यात घालवावा. काढण्यापूर्वी कंपनीची तब्येतही पाहावी. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट ३ मे २०२३ ला. दोन्ही वेळा पुढच्या तारखांची तिकिटं लोकांच्या हातात होती, आणि उन्हाळी सुट्टी तोंडावर होती.

रद्द करण्याची मुदत उलटली, की त्या मार्गाचा भाव पुन्हा पाहू नये. तरीही तो कळतोच, कारण प्रत्येक घराला एक मेहुणा असतो. तो साखरपुड्याच्या पंगतीत दुसऱ्या जिलबीनंतर विचारतो, ‘भाऊजी, केवढ्याला पडलं?’ इथे कंपन्यांच्या जाहिरातींचाच कित्ता गिरवावा. कर, विमानतळाचं विकास शुल्क, कन्व्हिनियन्स फी, खुर्चीचे पैसे आणि पहाटे तीनच्या टॅक्सीचं भाडं वगळून राहील तो आकडा सांगावा. मेहुणा आपला आकडा सांगेल, तोही याच पद्धतीने काढलेला असेल. त्यावर ‘करासकट का?’ असं विचारू नये. तो उलट विचारेल. मठ्ठा मागवावा.