वन्समोअरची झीज

आमच्याकडे डीजे हा माणूस नसतो, ती वस्तू असते. ‘वरातीला डीजे लावलाय’ म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गोदरेजच्या कपाटांएवढे स्पीकर रचलेत, आणि ती वरात गल्लीबाहेर पडेपर्यंत फडताळातल्या कपबशा भेदरून एकमेकींना बिलगणार आहेत, एवढाच त्याचा अर्थ. कोल्हापूर-सांगलीकडे स्पीकरच्या याच भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. बिचाऱ्या रे डॉल्बी नावाच्या गृहस्थांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला, आणि आपण त्यांचं नाव दिलं गोंगाटाला. गावातल्या सगळ्यांत अबोल माणसाचं नाव गिरणीच्या भोंग्याला द्यावं तसं. म्हणून २००६ साली मी लंडनला गेलो असताना तिथे शिकणारा माझा भाचा, ‘मामा, शनिवारी एका डीजेला ऐकायला जाऊ,’ म्हणाला, तेव्हा मला त्याच्या मराठीची काळजी वाटली. डीजे कानावर येतो. त्याला ऐकायला कुणी मुद्दाम जातं का?

गेलो ते चर्चमध्ये. ब्रिक्स्टनचं सेंट मॅथ्यूज हे १८२४ सालचं देऊळ, नेपोलियनचा पाडाव झाल्यानंतर लंडनभर जी चर्चं उठली त्यांपैकी एक. पुढे भाविक कमी आणि खांब जास्त अशी अवस्था आली असावी, कारण इमारतीच्या एका भागात प्रार्थना आणि दुसऱ्या भागात नाइटक्लब असा संसार थाटला गेला होता. वाड्यात मालक मागे आणि भाडेकरू पुढे राहावेत तसा. तिथे २००५ पासून ‘डीएमझेड’ नावाची रात्र भरत असे. खर्जाच्या वजनाखाली ध्यानाला बसा, अशा अर्थाचं तिचं आवतण होतं. चर्चमध्ये जायचं, तेही ध्यानाला, म्हणून मी इस्त्रीचा सदरा घातला होता. दारातच भाच्यानं फोमचे दोन बोळे हातावर ठेवले. थंडीत आई कानात कापूस घालायची, त्याची आठवण झाली. पैसे देऊन संगीत ऐकायला जायचं आणि आत शिरताना कान बंद करायचे, हे मला एखाद्या उच्च कोटीच्या वैराग्यासारखं वाटलं. ‘आज माला वाजवणार,’ भाचा म्हणाला. आमच्या वर्गात माला नावाच्या दोघी होत्या. त्यामुळे तबकड्यांमागे तो शांत, खाली मान घातलेला तरुण दिसला, तरी मी बराच वेळ बाईंची वाट बघत होतो.

अंधार बराच होता. दिवे असे, की शेजारी कोण उभं आहे हे त्याच्या श्वासावरून ओळखावं. आणि मग खर्ज आला. ‘ऐकू आला’ असं लिहिणार होतो, पण तो कानांपर्यंत पोचायच्या आधी सदऱ्याच्या बटणांना कळला होता. सेकंदाला चाळीस कंपनांचा सूर घेतला तर त्याची एकच लाट सुमारे साडेआठ मीटर लांब भरते. माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ती हॉलमधून शिरून स्वयंपाकघर ओलांडून बाल्कनीत पाय लोंबकळत राहिली असती. इतकी मोठी पाहुणी दारात आली की यजमानाला जागा करून द्यावीच लागते. मीही बरगड्या थोड्या सैल केल्या. नवल असं, की वरातीतल्या भिंतीसारखं हे अंगावर येत नव्हतं. डबस्टेप नावाच्या या संगीताची गती मिनिटाला एकशेचाळीस ठोक्यांची, पण मुख्य घाव इतक्या अंतरानं पडायचा की पाय सत्तरच्या चालीनं, संथ झुलायचे. मधली जागा मोकळी. आमच्याकडे विलंबित ख्यालात समेची वाट बघताना माणसं अशीच अधांतरी झुलतात. फक्त इथे कुणी ‘वाहवा’ म्हणत नव्हतं. म्हटली असती तरी बोळ्यांच्या पलीकडे ती कुणाला कळणार?

डीजे करतो काय, हा माझा प्रश्न त्या अंधारात हळूहळू सुटत गेला. तो पंगतीतल्या जुन्या, जाणत्या वाढप्यासारखा असतो. रांधलं दुसऱ्यांनी, जेवणार तिसरे. याची नजर मात्र पानांवर. कुणाचा भात संपत आलाय, जिलबी केव्हा काढायची, ताक केव्हा फिरवायचं, हे ज्याला कळतं त्याच्या हाती पंगत राहते. सुरुवातीलाच जिलबी वाढणारा उत्साही असतो, वाढपी नसतो. आणि हे रांधणं सुरू झालं ते लंडनच्या दक्षिण टोकाला. तिथे क्रॉयडनमध्ये, सरे स्ट्रीटच्या भाजीबाजारात, ‘बिग ॲपल’ नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. काउंटरवर हॅचा नावाचा तरुण, आणि शाळा सुटली की तिथे घुटमळणारे स्क्रीम आणि बेंगा नावाचे दोघे पोरगे. ही पोरं घरच्या साध्या यंत्रांवर सूर जुळवायची आणि हॅचा ते रात्री क्लबमध्ये नेऊन वाजवायचा. मंडईत कोथिंबिरीची जुडी घ्यायला गेलेल्यांना पत्ता नव्हता, की शेजारच्या दुकानात एक अख्खं संगीत फोडणीला टाकलं जातंय. २००४ साली ते दुकान बंद झालं.

त्या रात्री मधेच एक विलक्षण गोष्ट घडली. एक खर्ज असा खोल उतरला, की मागून शिट्ट्या आल्या, हात वर गेले, कुणी भिंतीवर थापा मारू लागलं. मला वाटलं, पोलीस आले. मालानं फिरत्या तबकडीवर हात ठेवला आणि ती उलटी फिरवली. चर्रर्र. मग शांतता. मग तेच गाणं, अगदी पहिल्यापासून. ‘रिवाइंड, मामा,’ भाचा कानाशी ओरडला. जमैकातल्या रस्त्यांवरच्या साउंड सिस्टिमची ही रीत, तिथून स्थलांतर केलेल्यांबरोबर ब्रिक्स्टनला आलेली. मला मात्र ती फार जवळच्या गावाहून आल्यासारखी वाटली. अरे, हा तर वन्समोअर! संगीत नाटकांचे प्रयोग याच दोन शब्दांपायी पहाटेपर्यंत लांबायचे, मरता मरता नायिका उठून पद पुन्हा म्हणायची आणि मग सावकाश मरायची. त्याच भाबड्या हट्टानं ही विशीतली पोरं भिंत बडवत होती, आणि सदऱ्याची इस्त्री विसरून त्यांतली एक थाप माझीही होती.

पहाटे बसस्टॉपवर भाच्यानं एक गोष्ट सांगितली. यातली कितीतरी गाणी बाजारात आलेलीच नसतात. डीजे ती स्वतःपुरती एका तबकडीवर कोरून घेतात. फॉरेस्ट हिलच्या ट्रान्झिशन स्टुडिओत त्यासाठी रांग लागे. सहा मिनिटांचं गाणं कोरायला सहाच मिनिटं लागतात, घाई करता येत नाही. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा मऊ काळा लेप, त्यावर ही नक्षी. पण लेप मऊ असल्यामुळे सुई फिरेल तशी ती झिजते. काही डझन वेळा वाजली की गाणं विरायला लागतं. ‘म्हणजे प्रत्येक रिवाइंड,’ मी म्हणालो, ‘त्या गाण्याचं आयुष्य…’ ‘हो,’ तो म्हणाला, ‘पण मामा, झीज वरच्या सुरांपासून सुरू होते. खर्ज शेवटपर्यंत टिकतो.’

आमच्या घरी बाबांची एक कॅसेट होती, नाट्यपदांची. एका पदातली एक तान आली की बाबा टेपरेकॉर्डर मागे न्यायचे. चर्रर्र. पुन्हा तान. स्वयंपाकघरातून आई म्हणायची, ‘अहो, झिजेल ती पट्टी.’ बाबा म्हणायचे, ‘झिजू दे. ऐकायलाच आणलीय.’ त्या टेपरेकॉर्डरला डॉल्बीचं बटण होतं. बाबा ते दर वेळी न चुकता दाबायचे, आणि खरखर गेली असं आम्हाला बळंच कबूल करायला लावायचे.

बाबा गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. चेहऱ्याचे बारकावे पुसट झालेत. चष्म्याची काडी डावीकडे वाकलेली होती की उजवीकडे, यावर आम्हा भावंडांचं एकमत होत नाही. पण संध्याकाळी जिन्यात ते खाकरायचे, तो खालचा, घुमणारा आवाज अजून जिन्यातच आहे. परवा ती कॅसेट लावली. तानेच्या जागी गाणाऱ्याचा आवाज धुतल्या धोतरासारखा पातळ झालाय. मागे तबल्याचा डग्गा मात्र जसाच्या तसा. बोट आपसूक बटणावर गेलं. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, ‘अहो, किती वेळा तेच!’

चर्रर्र.