असीरगडची रात्रपाळी
२०२५च्या फेब्रुवारीत ‘छावा’ पडद्यावर आला आणि काही दिवसांतच बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडच्या शेतांत रात्रपाळी सुरू झाली. चित्रपटात मोगलांचा खजिना दिसला, म्हणजे तो अजून बांधाखालीच असणार, हे ओघानं आलंच! टॉर्च, चाळण्या, मेटल डिटेक्टर घेऊन इतिहासप्रेमी लोटले. मराठ्यांनी १६८१मध्ये बुऱ्हाणपूर लुटलं, हे पाहूनही मागे काही उरलंय असं मानणं, हा संभाजीराजांच्या फौजेवर उघड अविश्वास. यंत्र बिचारं भोळं. मोहरेला आणि गंजक्या खिळ्याला सारखंच ओरडतं. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, असं १८७८चा कायदा सांगतो. पण खणायला अंधार चालतो. कळवायला दिवसाढवळ्या कचेरीत जावं लागतं.