चित्रपटाचा सातबारा

ग्रंथाचा संदर्भ देताना विद्वानाची सहसा पंचाईत होत नाही; कर्ता, शीर्षक, प्रकाशक, साल आणि पृष्ठ एवढा तपशील नोंदला की त्याचे दप्तर स्वच्छ होते. परंतु उतारवयात प्रबंध तपासण्याचे जे व्रत मी पत्करले आहे, त्यात चित्रपटविषयक प्रबंध पुढ्यात आला, की संदर्भसूची उघडण्यापूर्वी मी कुलदैवताचे स्मरण करतो. कारण चित्रपटाचा कर्ता कोण हा प्रश्न, वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर पहिले नाव कोणाचे लावावे या प्रश्नाइतकाच भाऊबंदकीला आमंत्रण देणारा आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांची एपीए पद्धती दिग्दर्शकाला निःशंकपणे कर्त्याच्या रकान्यात बसवते, तर भाषा-साहित्याच्या पंडितांची एमएलए पद्धती सामान्यतः चित्रपटाचे नाव अग्रभागी ठेवून दिग्दर्शकाला मागून यायला सांगते. अर्थात १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ एका दरबारात दामले आणि फत्तेलाल यांच्या नावे दाखल होतो आणि दुसऱ्यात स्वतःच्याच. त्यातील अभंगांसाठी गाथेकडे बोट दाखवून मोकळे व्हावे, तर त्यांतला एक शांताराम आठवले यांनी खास या चित्रपटासाठी रचला आणि तो असा बेमालूम वठला, की पुष्कळांनी तो परभारे तुकोबांच्या खाती जमा केला! बरे, त्यातला एखादा प्रवेश कोणी यूट्यूबवर चढवला असेल, तर त्या चित्रफितीच्या नोंदीत एपीएच्या फर्मानाने कर्ता ठरतो तो चढवणारा. कुळकायद्याने ‘कसेल त्याची जमीन’ केली. येथे चढवील त्याची चित्रफीत!

मात्र या फर्मानाच्या मुळाशी शहाणपण आहे. चढवणाऱ्याला तेथे निर्मितीचा मान दिलेला नसतो. पुढच्या वाचकाला नेमकी तीच चित्रफीत सापडावी, एवढाच हेतू असतो. पृष्ठांकाच्या जागी तास, मिनिटे आणि सेकंद मागतात तेही याचसाठी. एका उमेदवाराने तेथे ‘मध्यंतरानंतर लगेच’ असे लिहिले होते, आणि खुलासा विचारता, ‘सर, वडा घेऊन परत येईपर्यंत तो प्रसंग सुरू झालेला असतो,’ असे अदबीने सांगितले.

खरा पेच सालाचा आहे. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. परंतु आज जी रिळे शिल्लक आहेत, ती फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तेव्हा ती पाहून सूचीत ‘१९१३’ असे ठणकावून लिहिणारा संशोधक, ज्याने सत्यापायी राज्य, पत्नी आणि पुत्र यांवर उदक सोडले त्याच राजाविषयी, न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देत असतो. म्हणून आपण कोणती प्रत पाहिली आणि कोठे पाहिली, ते प्रांजळपणे नोंदवावे, असा माझा आग्रह असतो. हे एका विद्यार्थिनीला समजावून दिले, तेव्हा तिने सूचीत तत्काळ भर घातली : ‘मामांच्या मोबाईलवर, शेवटची दहा मिनिटे वगळून.’ ही नोंद जगातल्या कोणत्याच पद्धतीत बसत नव्हती. तरीही साऱ्या प्रबंधात कोणताही शेरा न मारता मी मंजूर केली ती एवढीच.