बिनपाण्याचं उकडलेलं अंडं

पनवेलच्या टॉवरांमधल्या एअर फ्रायरला अखेर कामधंदा मिळाला आहे. तेलाशिवाय तळून झालं, आता पाण्याशिवाय उकडणं.

कृती सोपी. जाळीत अंडी मांडायची, १३०-१४० अंश, साधारण १५ मिनिटं. पातेल्यात उकळी फुटल्यावर हेच काम दहा-बारा मिनिटांत होतं, कारण पाणी अंड्याला चहूबाजूंनी धरतं आणि १०० अंशांपुढे जातही नाही. हवा मात्र उष्णता पोचवण्यात मुळातच आळशी. म्हणून तिच्या दिमतीला पंधराशे वॅटचा हीटर आणि गरगरणारा पंखा. एवढं करून कवचावर तपकिरी ठिपके उमटतात. पाहुण्यांना वाटतं, गावठी अंडी. तेवढाच भाव वधारतो.

समर्थक म्हणतात, पाणी वाचतं! उन्हाळ्यात देहरंग धरण आटलं की ज्या शहराचे डोळे टँकरकडे लागतात, तिथे हा मुद्दा बिनतोडच. फक्त पुढची सूचना हळू आवाजात वाचायची: शिजलेली अंडी लगेच बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवावीत, नाहीतर सोलताना कवचाबरोबर निम्मं अंडं जातं. म्हणजे उकडायला थेंब नको, गार करायला भांडंभर!

खाली नाक्यावर गाडीवाला काळवंडलेल्या पातेल्यातून अंडं काढतो, टिचकी मारून सोलतो, दोऱ्याने कापून वर कांदा आणि तिखट-मीठ भुरभुरतो. त्याला प्रीहीटबद्दल विचारून पाहा. तो म्हणेल, ‘‘किती देऊ?’’