रिजेक्ट

नवी अंगठी घातलेल्या माणसाचा हात खिशात राहत नाही. मौद्याच्या बसस्टँडवर आठवडाभर मी भंडाऱ्याकडे जाणाऱ्यांना भंडारा दाखवला, नागपूरकडे जाणाऱ्यांना नागपूर, आणि ज्यांना कुठंच जायचं नव्हतं त्यांना कन्हान नदी. शेवटी बायको म्हणाली, "काहून जी, हात दुखते का? सारखा वरच असते."

अंगठी रिटायरमेंटच्या पैशातली. अठरा कॅरेट, मधोमध हिरा. हिरा दिसायला समोरच्याला थोडं पुढे वाकावं लागतं, पण म्हणूनच लोक आपल्यापुढे वाकतात, हा त्याचा गुण. नागपूरच्या इतवारीच्या सराफ्यातून घेतली तेव्हा दुकानदाराने मोबाईलच्या अ‍ॅपवर तिचा सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी नंबर टाकून दाखवला. आधार कार्डावरच्या माझ्या फोटोपेक्षा अंगठीची ओळख जास्त पटण्यासारखी होती.

आठव्या दिवशी कडीवर, हिऱ्याच्या अगदी खाली, काळा ठिपका दिसला. टूथब्रशने घासला. गेला नाही. भिंग लावलं आणि ओळख पटली. तो मळ नव्हता, पिनहोल होतं.

आता इथे मला कोणी थांबवू नये, कारण पिनहोल हा माझा विषय आहे. मौद्याच्या 2320 मेगावॅटच्या वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा मी वेल्डिंग तपासायचो. बॉयलरच्या नळ्यांचे जोड रात्री तपासतात. किरणं सोडणाऱ्या इरिडियमची डबी उघडायची म्हणजे आसपास माणूस नको, म्हणून सगळी साइट रिकामी करून, दोऱ्या बांधून, लाल दिवा लावून आम्ही दूर उभे. सकाळी फिल्म उजेडाच्या पेटीवर ठेवायची. जोडात हवेचा बुडबुडा अडकला असेल तर काळा ठिपका उमटतो. वितळलेल्या धातूत वायू सहज मुरतो. धातू थिजायला लागला की त्याला बाहेर पडायचं असतं, पण वरून दार बंद झालेलं असतं. वेल्डिंगचा रॉड दमट असला तर हमखास. म्हणून रॉड भट्टीत शेकून, गरम डब्यातून न्यायचे. पावसाळ्यात मी त्या डब्याला हात लावून बघायचो आणि चटका बसला की समाधानाने हसायचो. फिल्मवर लाल पेन्सिलीने गोल काढून 'आर' लिहिण्यात जो आनंद होता, तो मला नंतर नातवाच्या बारशातही झाला नाही. बायकोला हे सांगू नका.

सोन्याचंही तेच. मेण वितळून गेलेल्या साच्याच्या पोकळीत रस ओततात, वायू अडकतो, ठिपका. हॉलमार्क फक्त सोन्याचा कस सांगतो, कारागिराच्या हाताबद्दल काही बोलत नाही.

दुकानात मी अंगठी काचेवर ठेवली आणि जुन्या आवाजात म्हणालो, "पोरॉसिटी. रिजेक्ट."

मालकाने भिंग लावलं, काढलं. "दिसत नाही ना जी, साहेब."

राग आला. एवढी घडणावळ, वर जीएसटी, आणि दिसत नाही! पण तोंड उघडायच्या आत हे वाक्य आधी कुठं ऐकलं ते आठवलं. मे महिना होता, दुपारचे तीन. एक वेल्डर बॉयलरच्या पोटात आडवा पडून, आरशात बघून, नळीमागचा जोड मारायचा. त्याचा एकच जोड मी तीनदा कापायला लावला. तिसऱ्यांदा तो चेहऱ्यावरचा मुखवटा वर करून म्हणाला होता, "साहेब, दिसत नाही ना ते." डोळे लाल होते. ठिपका खरा होता, त्याबद्दल आजही माझं म्हणणं बदललेलं नाही. पण त्याला आधी पाणी पी म्हणायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही. पेन्सिल हातात होती ना.

मालकाने आतून कारागिराला बोलावलं. बंगाली पोरगा, बोटांची टोकं काळी. त्याने अंगठी उजेडाकडे धरली, मालकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घालून म्हणाला, "है साहब."

मालक त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती मला ओळखीची होती.

"दुरुस्त होईल का?" मी विचारलं.

"हो जाएगा. एक घंटा."

"सावकाश कर," मी म्हणालो. "आधी चहा घे."

मालकाने चहा मागवला. माझा आला, त्याचा आला नाही. मग मी माझा कप त्याच्याकडे सरकवला. सरकवताना पाहिलं, बोटात अंगठी नव्हती, तरी हात तसाच ऐटीत वर गेला होता.