मूळगावचा शोध : साधने, मार्ग आणि दोन जेवणे

मूळगावचा शोध हा निवृत्तीनंतर आणि शक्यतो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी करावयाचा प्रवास आहे. तो करणाऱ्यास येथे शोधक म्हटले आहे. शोधकाचे पणजोबा कोकणातून मुंबईला आलेले असतात, आजोबांनी गावाचा विषय कधी काढलेला नसतो, वडिलांना तो काढायला वेळ झालेला नसतो, आणि शोधक साठी उलटताच मूळ पुरुषासाठी एकाएकी कासावीस होतो. मूळ पुरुष सरदार होता व पानिपतावर पडला, अशी त्याची पक्की समजूत असते. १४ जानेवारी १७६१ रोजी तेथे जितके पडले त्याहून अधिक लोक महाराष्ट्राच्या दिवाणखान्यांतून आजही पडत आहेत. त्या मोहिमेत आचारी, पाणके आणि तट्टे हाकणारेही पुष्कळ होते; त्यांना मात्र वंशज असल्याचे आढळत नाही.

शोधाची साधने तीन. पहिले, छापील कुलवृत्तान्त. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी असे ग्रंथ काढले. त्यांत घराण्याच्या शाखा, पिढ्या आणि कोणाची बदली कोठे झाली हे दिलेले असते. शोधकाची शाखा बहुधा शेवटी, ‘माहिती न मिळालेली घरे’ या मथळ्याखाली सापडते. दुसरे साधन म्हणजे नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितले की गुरुजी नेमका चोपडा काढतात, आणि पूर्वी कोण कधी कोणाबरोबर येऊन गेले ते खुद्द त्या यात्रेकरूच्या हस्ताक्षरात समोर येते. शोधकालाही आपल्या नातवंडांची नावे तेथे लिहून द्यावी लागतात. नातू कॅनडात असतो. गुरुजी तेही शांतपणे टिपून घेतात.

तिसरे साधन मोडी कागद. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ मारून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहितात. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि लिहिणाराला घाई असली की वाचणाराच्या पोटात गोळा येतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात अशा कागदांचे हजारो रुमाल आहेत. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर जुन्या कुणबी नोंदी शोधल्या जाऊ लागल्या तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. त्यात एका सरदाराच्या वंशजाला कोण विचारतो?

नमुन्यादाखल गुहागर तालुक्यातील एका वाडीची भेट घेता येईल. पणजोबा या भागातून निघाले ते दाभोळच्या बंदरात आगबोट धरून. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून चिपळूणपर्यंत गाडीने जाता येते, पुढे एसटी. रस्ता वळणांचा आहे आणि शोधकाला गाडी लागते. वळणे संपेपर्यंत त्याला पूर्वजांविषयी काहीही वाटत नाही. गुहागरला व्याडेश्वराचे दर्शन झाले. समुद्र होता.

वाडीत पहिला प्रश्न येतो, “कोणाचे तुम्ही?” त्याचे उत्तर दिले की लगेच दुसरा, “मोजणी आणलीत काय?” शोधकाला हा प्रश्न लागतो, पण तो बिनबुडाचा नाही. कोकणातली जमीन आधीच तुकड्यातुकड्यांची. चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि दहा गुंठ्यांच्या बागेवर कधी कधी दोन-तीन डझन सहहिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईला. जुने हिस्से आणे-पैंत सांगतात. रुपयाच्या १९२ पै होतात हे शाळेने सोडले तरी गावाने सोडलेले नाही. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १ एप्रिल १९५७ ला कुळे मालक झाली, आणि उरले त्यावर भाऊबंदांनी आंबा-काजू लावून ते जगवले. अशा ठिकाणी तेच आडनाव लावणारा मनुष्य प्लॅस्टिकची फाइल घेऊन उगवला, तर तो मूळ पुरुषाला भेटायला आला आहे यावर कोण विश्वास ठेवील? फाइलीत वंशवृक्षाचा कोरा छापील तक्ता होता. ते कोर्टाचे कागद आहेत ही बातमी शोधकाच्या आधी शेवटच्या घरापर्यंत पोचली.

शिवाय सातबाऱ्यावर मनुष्य सहसा मरत नाही. वारस नोंद होईपर्यंत तो तेथे हयातच असतो. शोधकाचे पणजोबा त्या उताऱ्यावर आजही उभे होते. शोधकाने आपला हिस्सा तिथल्या तिथे तोंडी काढला. तो करवंदीच्या जाळ्या असलेल्या उतारापैकी दोन पै इतका निघाला. गुंठ्याला सध्या काय भाव आहे, हे त्याने कोणाला विचारले नाही. फक्त मोबाइलवर पाहिले.

आता मुख्य अपघात. वाडीत घराण्याची दोन घरे आहेत, वरचे आणि खालचे. मधल्या बांधावरच्या एका फणसावरून ती तीन पिढ्या बोलत नाहीत. फणस वठून गेला, अबोला टवटवीत आहे. एसटी खालच्या बाजूला थांबते, म्हणून शोधक आधी खालच्या घरी गेला आणि काकूंनी “पानं मांडलीत, बसा” म्हटल्यावर बसला. कुळथाचे पिठले, भात, फणसाची भाजी, सोलकढी. ताक झाल्यावर त्याने घराण्याच्या मूळ वंशावळीची चौकशी केली. ती वरच्या घरी ट्रंकेत होती.

वरच्या घरचे काका ओटीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सर्व काही ऐकून घेतले, अडकित्ता बंद केला आणि विचारले, “जेवून आलात ना?” प्रश्नाचा रोख ओळखण्याइतका शोधक कोकणी उरलेला नव्हता. तो उत्साहाने “हो, पोटभर” म्हणाला. वंशावळ वाळवीने खाल्ली असे त्याला कळवण्यात आले. मध्यस्थीसाठी देवळातले गुरव आले, वाडीतली दोन पोक्त माणसे आली. अखेर असे ठरले की पाहुण्याने वरच्या घरीही जेवावे, म्हणजे वाळवीचे काहीतरी करता येईल. पुन्हा पिठले, भात, फणसाची भाजी. दोन्ही घरांची चव तंतोतंत एक आहे हे सांगण्याचा मोह शोधकाने आवरला. त्या दिवशी त्याने दाखवलेली अक्कल एवढीच.

ट्रंकेतून वंशावळ निघाली, ती जुन्या कालनिर्णयच्या पानांच्या पाठीवर उतरवलेली. खालच्या घराच्या शाखेपुढे निळ्या बॉलपेनने ‘निर्वंश’ लिहिले होते. त्या निर्वंश शाखेच्या सुनेने घटकेपूर्वी शोधकाला आग्रहाने भात वाढला होता. खालच्या घरी या वंशावळीची झेरॉक्स आहे, ती त्याने संध्याकाळी पाहिली. तिच्यात वरच्या घराच्या आजोबांपुढे ‘दत्तक, तेही रीतसर नाही’ असा शेरा आहे. पणजोबांच्या नावापुढे मात्र दोन्ही प्रतींत एकमताने ‘परागंदा, पुढे माहिती नाही’ एवढेच आहे. पुढची माहिती त्या वेळी दोन जेवणे पोटात घेऊन, भिंतीला टेकून, सोडा मिळेल का विचारत होती.

मुली दोन्ही कागदांत नाहीत. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना जन्मतः वाटा मिळाला, वंशावळीत ती दुरुस्ती व्हायची आहे. वरच्या घराच्या माजघरात नव्वदीच्या एक आत्या असतात. लहानपणी विधवा होऊन माहेरी परत आल्या, त्याही कागदावर नाहीत. सर्व पाठ आहे ते त्यांनाच. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत पणजोबांची बायको आणि धाकटी मुलगी एका आठवड्यात गेल्या. मुलीचे नाव दुर्गी. तिला नुकते परकर-पोलके शिवले होते, ते तसेच घडी केलेले राहिले. मग थोरल्या मुलाचा हात धरून पणजोबा दाभोळला गेले. “मागे वळून बघितलंन नाही, आजी सांगायची,” आत्या म्हणाल्या. तो थोरला मुलगा म्हणजे शोधकाचे आजोबा. ज्यांनी गावाचा विषय कधी काढला नाही, ते. छापील तक्त्यात दुर्गीसाठी चौकट नव्हती. शोधकाने समासात पेन्सिलीने नाव लिहिले. नंतर बराच वेळ त्याने कोणालाही काहीही विचारले नाही. त्याने पुन्हा न मागताच काकांनी सोडा आणून दिला.

ट्रंकेत एक मोडी कागदही होता. ती सनद असणार या खात्रीने शोधकाने त्याचा फोटो पुण्याच्या एका मोडी वाचकाकडे पाठवला. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’, महिना जमादिलाखर असा काळ आहे. अरबी अंकनावांत लिहिलेला हा शुहूर सन ११६१. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. येथे जानेवारी-फेब्रुवारी १७६१, म्हणजे पानिपतचाच महिना. कागद शेजाऱ्याच्या फिर्यादीचा आहे. मूळ पुरुष त्या महिन्यात गावातच होता आणि दुसऱ्याच्या माडावर चढला होता.

परतल्यावर पणजोबांना सातबाऱ्यावरून रीतसर मुक्त करावे, या शुद्ध ऐतिहासिक हेतूने शोधकाने वारस नोंदीसाठी अर्ज केला. अर्जाला मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्रावर वंशावळ जोडावी लागते. तलाठी नोंद फेरफार रजिस्टरला धरतात, हितसंबंधितांना नोटिसा जातात आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत मुदतीत आली. हरकतीचा अर्ज एकच होता आणि त्यावर वरच्या व खालच्या अशा दोन्ही घरांच्या सह्या होत्या.