हॅलो, चेक, वन टू!

जळगाव-धुळ्याकडे रॉक बँड फिरकत नाहीत, असं रडगाणं गाणाऱ्यांनी एकदा लग्नसराईत रस्त्यावर उतरावं. रॉकला लागतं काय? विजेवरची वाद्यं, कानठळ्या आणि ऐन रंगात दगा देणारी यंत्रणा. पारा 44 च्या वर गेलेला असताना खानदेशातली वरात हे सगळं फुकटात पुरवते. गाडीवर ऑर्गन, ऑक्टोपॅड, मागे धूर ओकणारा जनरेटर. गायक भरात येऊन माईकसकट कर्ण्यापुढे सरकतो, कर्ण्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, दुप्पट होऊन बाहेर पडतो आणि शिट्टी थेट मेंदूत. अर्थिंग धड नसेल तर गाण्याखाली घरघर अखंड. तिला तानपुरा समजायचं. तेवढ्यात नवरदेवाचे मामा वायरीवर पाय देतात. ‘चालू दे भो!’

याला गावंढळपणा म्हणणाऱ्यांनी मोठ्यांचे दाखले तपासावेत. 10 मे 2017 ला जस्टिन बीबर नवी मुंबईत आला. तिकिटं हजारोंची, तरी बरीच गाणी त्याने ध्वनिमुद्रणावर ओठ हलवून उरकली, अशी टीका झाली. उलट 13 जुलै 1985 ला लंडनच्या वेम्बलीवर, ‘लाइव्ह एड’मध्ये, पॉल मॅकार्टनी पियानोवर बसला आणि माईक मुका! सुरुवातीचा बराच वेळ त्याचे शब्दच पोचले नाहीत, श्रोत्यांनी गाणं ओढून नेलं. नुसते ओठ हलवणाऱ्या मिली व्हॅनिली या पॉप जोडीचं 1989 मध्ये मुद्रणच अडकलं, तीच ओळ पुनःपुन्हा उगाळत बसलं. पुढच्या वर्षी ग्रॅमीही परत घेतलं गेलं. गाणारा माणूस असेल तर यंत्र बिघडूनही गाणं तरतं. यंत्रच गात असेल तर ते बिघडताच माणूस उघडा पडतो. तेव्हा खरखर हा अस्सलपणाचा हॉलमार्क मानायला हरकत नसावी.

पैसे मोजून खरखर का ऐकावी, हा आक्षेप मात्र रास्त आहे. गायकाचा सूर घसरणं वेगळं आणि आयोजकाने साउंड चेकच्या वेळी सत्काराचे हार मोजत बसणं वेगळं. पहिल्याला माफी, दुसऱ्याला नाही. पण आपल्याकडे ही चिंताही परस्पर मिटते. उघड्यावरचे कर्णे नियमाने रात्री 10 ला बंद. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, आमदारांची वाट आणि मग आमदार, यांत पावणेदहा होतात. उरलेल्या पंधरा मिनिटांत बिचाऱ्या बँडने चुकावं तरी किती?